मृतांची वस्ती आणि जिवंतांचें आरोग्य

मृतांना कोठें ठेवावें हा प्रश्न मनुष्य समाज करून राहूं लागला तेव्हांपासूनचा आहे. परंतु तो प्रश्न धर्माच्या हातून काढून वैद्याच्या व नगरपालिकेच्या हातीं देण्याची गोष्ट मात्र फार जुनी नाहीं. सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं युरोपांतील मोठ्या शहरांत तिला आरंभ झाला. तोंपर्यंत प्रेत हें पुरोहिताचें होतें. त्यानंतर तें आरोग्यखात्याचें झालें. ही सत्तांतराची कथा आपणां सुशिक्षितांस बहुधा सुधारणेची सरळ कथा म्हणून ठाऊक असते. पूर्वीं अज्ञान होतें, लोक भर वस्तींत मुडदे पुरीत आणि रोगराईनें मरत. पुढें शास्त्र आलें, कबरस्तानें गांवाबाहेर गेलीं आणि शहरें निरोगी झालीं. ही कथा खोटी नाहीं, पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी अशी कीं, ज्या शास्त्राच्या जोरावर हें सर्व घडलें तें शास्त्रच चुकीचें होतें. चुकीच्या कारणासाठीं केलेलें योग्य काम कोठपर्यंत योग्य राहतें, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे; आणि तो केवळ पॅरिस-लंडनचा नाहीं, आपल्या मुंबईचाहि आहे.

प्रथम पॅरिसकडे पाहूं. ख्रिस्ती लोकांत प्रेत चर्चच्या आवारांत, शक्य तर प्रत्यक्ष चर्चच्या फरशीखालीं, पुरण्याची चाल शेंकडों वर्षें चालत आलेली होती. संतांच्या अस्थींच्या सान्निध्यांत पडून राहिल्यानें अंतिम न्यायाच्या दिवशीं सद्गति लाभते, ही त्यामागील श्रद्धा. गांव लहान होतें तोंवर यांत कांहीं बिघडलें नाहीं; शहर वाढलें तशी अडचण उत्पन्न झाली, कारण जिवंतांची वस्ती वाढली तरी मृतांची जागा तेवढीच राहिली. पॅरिसच्या ऐन बाजारपेठेंत ‘इनोसाँ’ नांवाचें कबरस्तान होतें. बाराव्या शतकाच्या अखेरीस राजा फिलिप ऑगस्ट यानें त्याभोंवतीं भिंत घातली, आणि पुढें जवळजवळ सहाशें वर्षें शहरांतील कित्येक पेठांचे लोक तेथेंच पुरले गेले. गरिबांसाठीं मोठे खड्डे खणीत, एकेका खड्ड्यांत शेंकडों प्रेतें रचीत, आणि जागा संपली म्हणजे जुने खड्डे उकरून त्यांतील हाडें भोंवतालच्या पडव्यांच्या माळ्यांवर नेऊन ठेवीत. १७६५ सालीं पॅरिसच्या न्यायसभेनें कबरस्तानें शहराबाहेर न्यावीं असा हुकूम काढला. तो कागदावरच राहिला. शेवटीं १७८० सालीं लगतच्या रस्त्यावरील एका घराच्या तळघराची भिंत कबरस्तानाच्या भारानें फुटली, आणि पलीकडील प्रेतांचे अवशेष तळघरांत येऊन पडले. पंधरा वर्षें जें हुकुमास साधलें नव्हतें तें त्या एका भिंतीनें साधलें. त्याच वर्षीं इनोसाँ बंद झालें.

तेथील अस्थि १७८५ ते १७८७ या काळांत शहराखालील जुन्या दगडाच्या खाणींत नेण्यांत आल्या. हें काम रात्रीं चाले. गाड्यांवर काळें वस्त्र पांघरलेलें असे आणि पाद्री प्रार्थना म्हणत बरोबर चालत. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे: शहराची सोय पाहतांना मृतांचा मान पाहणें तेथें कोणास अशक्य वाटलें नाहीं. नंतर १२ जून १८०४ रोजीं निघालेल्या हुकुमानें चर्चमध्यें व शहराच्या आंत दफन करण्यास बंदी झाली. कबरस्तान शहराच्या सीमेपासून निदान ३५ ते ४० मीटर दूर असावें आणि प्रत्येक प्रेतास स्वतंत्र खड्डा असावा असें ठरलें. पेर-लाशेझ हें प्रसिद्ध कबरस्तान त्याच वर्षीं उघडलें. स्वतंत्र खड्ड्याचें कलम वरवर किरकोळ दिसतें. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नशिबीं सामायिक खड्डाच होता, त्या गरिबांचा स्वतःच्या जागेवरील हक्क निदान कायद्यानें तरी मान्य केला. व्यवहारांत तो मिळण्यास पुढें बराच काळ लागला, ही गोष्ट वेगळी.

लंडनची कथा याहून मोठी व याहून ओंगळ आहे. १८०१ च्या शिरगणतींत लंडनची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर होती. १८५१ मध्यें ती साडेतेवीस लाखांच्या वर गेली. पन्नास वर्षांत शहर जवळजवळ अडीचपट झालें. एडविन चॅडविक यानें शहरांतील दफनपद्धतीविषयीं १८४३ सालीं जो अहवाल सादर केला त्यांत असा हिशेब आहे कीं, लोकवस्तीनें वेढलेल्या सुमारें २०३ एकर जमिनींत दरसाल २०,००० प्रौढ आणि जवळजवळ ३०,००० मुलें व तरुण यांचीं प्रेतें थरावर थर पुरलीं जात. म्हणजे दर एकरास दरसाल सुमारें २४६ प्रेतें. जमिनीला तीं जिरवण्यास सवड मिळत नसे. म्हणून कालचें प्रेत उकरून आजच्यास जागा करावी लागे.

या प्रकाराविरुद्ध प्रथम मोठ्यानें ओरड केली ती जॉर्ज आल्फ्रेड वॉकर या शस्त्रवैद्यानें. तो ड्रूरी लेन भागांत वैद्यकी करी, आणि त्याचे रोगी या कबरस्तानांच्या शेजारींच राहत. १८३९ सालीं त्यानें या विषयावर ग्रंथ लिहून एकेका कबरस्तानाचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतील ईनन चॅपलची हकीकत ऐकून पार्लमेंटची १८४२ ची चौकशी कमिटीहि थक्क झाली. स्ट्रँडजवळील एका गल्लींत हें लहानसें प्रार्थनामंदिर होतें. त्याच्या चालकानें तळघरांत स्वस्त दरानें दफन करण्याचा धंदाच मांडला होता. कांहीं वर्षांत त्या एका तळघरांत १२,००० प्रेतें गेलीं असें सांगितलें जाई. तळघर आणि वरचा दिवाणखाना यांमध्यें केवळ लांकडी तक्तपोशी होती, आणि तिच्यावर बसून लहान मुलें रविवारचे धर्मपाठ घेत. पुढें ती जागा दुसऱ्या भाडेकऱ्याकडे गेली तेव्हां त्यानें तेथें नाचाच्या मजलसी भरविल्या. अखेर वॉकरनें ती जागा आपल्या ताब्यांत घेऊन स्वतःच्या खर्चानें तेथील अवशेष नॉरवुडच्या कबरस्तानांत नेऊन पुरले. केवळ टीका करून न थांबतां पदरमोड करणारा हा मनुष्य खरोखर आदरास पात्र आहे.

इतकी दुर्दशा असतां ती चालू कां राहिली? एक तर दफनाची फी हें चर्चच्या अधिकाऱ्यांचें उत्पन्न होतें, आणि उत्पन्न सोडण्यास कोणीहि सहसा राजी नसतो. दुसरें असें कीं, ज्यांच्या हातांत कारभार होता त्यांचे मृत आधींच शहराबाहेर जाऊं लागले होते. १८३३ मध्यें केन्सल ग्रीन, १८३९ मध्यें हायगेट, अशीं खाजगी कंपन्यांचीं प्रशस्त, झाडांनीं व पुतळ्यांनीं नटलेलीं कबरस्तानें उघडलीं. परंतु तेथील जागा मजुरास परवडणारी नव्हती. मजूर जुन्याच आवारांत जाई, आणि तेंहि सुखासुखीं नव्हे. चॅडविकच्या अहवालांतील अत्यंत करुण भाग प्रेतांविषयीं नाहीं, जिवंतांविषयीं आहे. एकाच खोलींत राहणारें कुटुंब अंत्यविधीचा खर्च जमेपर्यंत कित्येक दिवस प्रेत त्याच खोलींत ठेवी; त्याच खोलींत स्वयंपाक होई व मुलें झोंपत. आठवड्यास पेनी-दोन पेनी भरून लोक ‘दफनमंडळां’चे सभासद होत, कारण धर्मादाय अंत्यविधीची त्यांस भीति वाटे. ती भीति निराधार नव्हती: १८३२ च्या कायद्यानें धर्मशाळेंत मेलेल्या बेवारशी गरिबांचीं प्रेतें शरीरविच्छेदनासाठीं देण्याची मोकळीक झाली होती.

१८४८-४९ सालीं पटकीची सांथ आली व एकट्या लंडनमध्यें सुमारें १४,००० माणसें दगावलीं. मग मात्र कायद्यास वेग आला. १८५० चा पहिला कायदा अव्यवहार्य ठरला. १८५२ च्या कायद्यानें लंडनमधील भरलेलीं कबरस्तानें बंद करण्याचा आणि सार्वजनिक खर्चानें नवीं उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. नोव्हेंबर १८५४ मध्यें लंडनपासून सुमारें २५ मैलांवर ब्रुकवुड येथें विस्तीर्ण कबरस्तान सुरू झालें, आणि तेथें जाण्यासाठीं वॉटर्लूहून खास आगगाडी सुटूं लागली. त्या गाडींत शोक करणाऱ्यांसाठीं पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग होतेच. पण शवपेट्यांसाठींहि होते. मरणानें सर्व सारखे होतात असें आपण म्हणतों. रेल्वे कंपनीचें तसें मत नव्हतें.

आतां या सर्व खटाटोपामागील शास्त्र काय होतें तें पाहूं. त्या काळच्या बहुतेक वैद्यांचा समज असा कीं, कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी दूषित हवा हेंच रोगाचें मूळ होय. चॅडविकनें तर १८४६ सालीं पार्लमेंटच्या कमिटीपुढें, दुर्गंधी म्हणजेच रोग, असा सिद्धांत निःशंकपणें मांडला. हा समज मूर्खपणाचा नव्हता. जेथें घाण तेथें रोग, हें सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. चूक होती ती कार्यकारणाची. नाकास जें कळतें तेंच घातक, असें मानल्यामुळें नाकास न कळणारें घातक तसेंच राहून गेलें.

याचा परिणाम एका बाजूस हितकर झाला, कारण कबरस्तानें बंद झालीं. पण दुसऱ्या बाजूस काय झालें तेंहि पाहावें. घराखालील मैल्याची दुर्गंधी रोग उत्पन्न करते, तर तो मैला मोऱ्या धुवून थेम्स नदींत सोडावा, असें त्याच चॅडविकच्या मंडळींनीं ठरविलें, आणि त्याच १८४८-४९ च्या सुमारास तें अमलांत आणलें. थेम्सचें पाणी तर शहरांतील कित्येक कंपन्या लोकांस पाजीत होत्या. घाण नाकापासून दूर गेली आणि तोंडांत आली. १८५४ सालीं डॉ. जॉन स्नो यानें ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचें पाणी व भोंवतालचीं मरणें यांचा संबंध जुळवून दाखविला, आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढला गेला. तरीहि वैद्यकांतील वडील मंडळींस तें पटण्यास बराच काळ लागला. रॉबर्ट कॉख यानें पटकीचा जंतु निश्चित केला तो १८८४ सालीं, आणि तोहि आपल्या कलकत्त्यांत. तात्पर्य, एकाच चुकीच्या सिद्धांतानें कबरस्तान बंद करण्याचें चांगलें काम करविलें आणि नदी नासविण्याचें वाईट कामहि करविलें. कारण खोटें असलें म्हणजे परिणाम चांगला होणें हें दैवाधीन राहतें.

आज ज्ञात असलेली गोष्ट अशी कीं, माणूस मेल्यावर बहुतेक रोगजंतु त्याच्या शरीरांत फार काळ तग धरीत नाहींत. भूकंप, महापूर अशा आपत्तींत मेलेल्यांच्या प्रेतांमुळें सांथ पसरते हा समज निराधार असल्याचें जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. अपवाद आहेत. पटकी किंवा इबोला अशा रोगानें मेलेल्याचें प्रेत हाताळण्यांत धोका असतो, आणि उथळ विहिरींच्या जवळचें कबरस्तान पाण्यास बाधक होऊं शकतें. म्हणून लंडनचीं कबरस्तानें बंद झालीं हें योग्यच झालें. जागेचा, पाण्याचा आणि साध्या सभ्यतेचा विचार केला तरी तीं बंद होणें अवश्य होतें. फक्त, त्यांच्या वाफांनीं शहर मरत होतें हें खरें नव्हतें.

हा सिद्धांत इंग्रजांबरोबर मुंबईसहि आला. मुंबईंत मरीन लाइन्सजवळ सोनापूर म्हणून जो भाग आहे, तेथें हिंदूंचें स्मशान व इतर समाजांच्या दफनभूमि एकमेकांशेजारीं होत्या. ‘सोनापुरास जाणें’ हा मुंबईकरांच्या भाषेंत मरणाचाच पर्याय झाला. शहर सोनापुराच्या भोंवतीं वाढलें, तेव्हां हिंदूंचें स्मशान तेथून हलवून शिवडीकडे न्यावें असा सरकारचा विचार झाला. नाना शंकरशेट यांनीं त्यास विरोध केला, आणि तो विचार मागें पडला. नानांस कोणी सुधारणेचे शत्रु म्हणूं शकणार नाहीं. शाळा, रेल्वे, नगराचा कारभार, सर्वत्र त्यांचा हात होता. परंतु गिरगांवांतून शिवडी म्हणजे तिरडी खांद्यावर घेऊन कित्येक मैलांची वाट. ती श्रीमंतास गाडीनें जातां येईल, गरिबास पायीं चालावी लागेल, हें उघड होतें. पुढें आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दींत, १८६५ च्या सुमारास, ख्रिस्ती लोकांचें कबरस्तान शिवडीस झालें. हिंदूंचें स्मशान राहिलें तें चंदनवाडीच्या रूपानें आजहि तेथेंच आहे, आणि त्यामुळें मुंबई रोगग्रस्त झाल्याचें कोणी दाखविलेलें नाहीं.

यांतील विनोद असा कीं, आपल्या दहनाच्या धुरास नाक मुरडणाऱ्या राष्ट्रांतच थोड्या वर्षांनीं दहनाचा पुरस्कार सुरू झाला. सर हेन्री टॉमसन या राणीच्या शस्त्रवैद्यानें १८७४ सालीं आरोग्याच्याच कारणास्तव दहन इष्ट असल्याचें प्रतिपादिलें व त्यासाठीं संस्था स्थापन केली. तिनें वोकिंग येथें दहनगृहासाठीं जागा घेतली, ती ब्रुकवुडच्या कबरस्तान कंपनीकडूनच. तेथें पहिलें दहन १८८५ सालीं झालें. पार्लमेंटचा दहनविषयक कायदा १९०२ सालीं आला. एकाच आरोग्यशास्त्राच्या नांवानें मुंबईंत चितेस दूर सारूं पाहणें आणि इंग्लंडांत तिला आमंत्रण देणें, हीं दोन्हीं कामें एकाच पिढींत झालीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनीं प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथींविषयींचा कायदा झाला, आणि त्याच्या बळावर अधिकारी घरांत शिरले. भिंतींस चुना, जमिनीस कार्बोलिक ॲसिड, अंथरुणांची होळी, आणि अंत्यविधीपूर्वीं प्रेताची तपासणी असे उपाय झाले. प्लेगचा जंतु यर्सिन यानें १८९४ सालीं शोधला होता; परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसांत येतो हें सिमों यानें १८९८ सालीं मांडलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे ज्या तपासणीनें लोकांच्या मनास घरें पडलीं तिचा प्लेगच्या मुळाशीं फारसा संबंध नव्हता. पुण्यांत २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, हें वाचकांस सांगावयास नकोच. खोट्या कारणासाठीं जुलूम झाला म्हणजे लोकांचा विश्वास खऱ्या कारणावरूनहि उडतो, हा त्या प्लेगचा धडा होय.

हें सर्व जुनें झालें असें कोणी म्हणेल. परंतु मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें कोविडच्या सांथीसाठीं जो कायदा लागू केला तो हाच १८९७ चा. ३० मार्च रोजीं मुंबई महानगरपालिकेनें परिपत्रक काढलें कीं, कोविडनें मेलेल्यांचें, धर्म कोणताहि असो, दहनच करावें. विरोध होतांच तें त्याच दिवशीं मागें घेतलें गेलें. वांद्रें येथील कांहीं रहिवासी कबरस्तानांतील दफनाविरुद्ध उच्च न्यायालयांत गेले. प्रेतापासून कोविड पसरतो यास शास्त्रीय आधार नाहीं, आणि सन्मानानें अंत्यविधि होणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असें म्हणून न्यायालयानें २२ मे २०२० रोजीं तो अर्ज फेंटाळला. श्रीलंकेंत तर एप्रिल २०२० पासून दहनाची सक्ती झाली, ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत टिकली. मुसलमान आईबापांस आपल्या तान्ह्या मुलांचेंहि दहन पाहावें लागलें. पुढें २०२४ सालीं तेथील सरकारनें त्याबद्दल क्षमा मागितली. पावणेदोनशें वर्षांपूर्वींची दूषित हवेची कल्पना वैद्यकांतून गेली, पण मनांतून गेली नाहीं.

याउलट उदाहरणहि आहे. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोलाची सांथ होती, आणि तेथें प्रेतास स्नान घालण्याच्या व स्पर्श करण्याच्या चालीनें रोग खरोखरच पसरत होता. प्रथम अधिकाऱ्यांनीं प्रेतें सरळ उचलून नेलीं. लोकांनीं तीं लपविलीं. मग जागतिक आरोग्य संघटनेनें धर्मगुरूंशीं विचारविनिमय करून सुरक्षित परंतु सन्मानपूर्वक दफनाची रीत आंखून दिली: घरच्यांनीं अंतरावर उभें राहून प्रार्थना करावी, कबरीवर नांव असावें. लोकांचा विरोध हळूहळू ओसरला. पॅरिसच्या गाड्यांवरील काळें वस्त्र आणि बरोबर चालणारे पाद्री यांचें स्मरण येथें होतें. शास्त्र खरें असलें तरी त्यास अदबीची जोड लागते. खोटें असलें तर अदबीवांचून तें केवळ जबरदस्ती होय.

सार्वजनिक आरोग्य हें एकट्याच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं, हें लंडनच्या त्या तळघरानें जगास शिकविलें, आणि तें आपण विसरूं नये. पण शहराच्या हितासाठीं कोणाचें प्रेत हलवावयाचें असेल, तर दोन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. ज्या कारणासाठीं हलवितों तें कारण आज, आपल्या हातीं असलेल्या उत्तम ज्ञानाप्रमाणें, खरें आहे काय? आणि तें हलविण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर वैद्यांनीं द्यावें. त्यांचें उत्तर पुढील पिढींत चुकीचें ठरण्याचा संभव आहे, हें त्यांनीं स्वतःहि जाणावें. दुसऱ्या प्रश्नास मात्र प्रयोगशाळा लागत नाहीं. तिरडी खांद्यावर घेऊन गिरगांवांतून निघणाऱ्या माणसास तें उत्तर विचारलें असतें तर त्यानें तत्काळ दिलें असतें.